अर्ध्या तासाचं माहेर

माझं माहेर माझ्या सासरपासून अर्ध्या तासावर होतं, हे मला लग्नानंतर आठ वर्षांनी कळलं. आठ वर्षं सगळे मला सांगत आले की ते लांब आहे. सासरे सांगायचे, सासूबाई सांगायच्या, आणि मीही शहाण्यासारखी मान डोलवायची.

लांब होतंच म्हणा. माझं माहेर सडेवाडी, पाटणच्या वरच्या अंगाला, उघड्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर. सासर हिवरमाळ, सांगलीकडच्या काळ्या रानात. सड्यावरून पायी पाटणला उतरायचं, तिथून मोटारीनं कऱ्हाड गाठायचं, कऱ्हाडच्या स्टेशनावर रात्र काढायची, सकाळच्या गाडीनं भिलवडीला उतरायचं आणि पुढं बैलगाडी मिळाली तर नशीब, नाही तर पाय आहेतच. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस.

बरं, हे दोन दिवस मला एकटीला चालता येत नव्हते. आमच्याकडे सासुरवाशिणीला माहेरी जायचं तर माहेरचा मुऱ्हाळी न्यायला यावा लागतो. भाऊ, चुलता, कुणीतरी रक्ताचा पुरुष. तो येणार, ओसरीवर बसणार, पुरणाच्या पोळीचं जेवण जेवणार, मग सासरे ‘न्या’ म्हणणार, तेव्हा सुनेनं उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा. मुऱ्हाळी नाही तर माहेर नाही. मला वडील नव्हते, आणि चुलत्यांना एवढी वाट झेपत नव्हती. एकटा थोरला भाऊ, आकाराम दादा. शेत, गुरं आणि आई त्याच्या एकट्याच्या गळ्यात, त्यातून सवड काढून तो यायचा. आठ वर्षांत चार वेळा आला. चार वेळा मी आईला पाहिलं. एखादं जनावर बाजारात विकलं तरी त्याचा मालक त्याहून जास्त वेळा चौकशीला जातो.

हिवरमाळच्या माळावर लढाईच्या दिवसांत सरकारनं विमानं उतरायला जागा केली होती. फार काही नव्हतं. दगड वेचून, रोलर फिरवून केलेली लांब पट्टी, एक पत्र्याची शेड आणि वारा कुठला ते बघायला बांबूला बांधलेली कापडाची पिशवी. लढाई संपली, विमानं गेली आणि तिथं मेंढरं चरायला लागली. मग सांगली संस्थान विलीन झालं आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी, एकोणपन्नास साली, एक लहानसं विमान परत यायला लागलं. पाटणकडच्या खोऱ्यात कसलीशी सरकारी पाहणी चालली होती, वरून फोटो काढायचे होते. विमान इथं पेट्रोल भरायचं आणि तिकडं कुठंतरी डोंगरावर उतरायचं. कुठल्या डोंगरावर, ते सुनेला कोण सांगणार? आम्ही आवाज आला की वर बघायचो आणि परत भाकरी थापायला लागायचो.

सांगितलं ते दिलावरनं. दिलावर आमच्या सडेवाडीचाच, अख्तरबीमावशींचा मुलगा. आमच्या दोन्ही घरांचं अंगण एक. लढाईत तो विमानांच्या कारखान्यात मिस्त्री झाला आणि आता या विमानावर होता. एके दिवशी तो आमच्या दारात उभा राहिला. मी पाण्याचा तांब्या दिला.

“कधी आलास रे गावाकडनं?”

“आत्ताच की, विजाक्का. सकाळी आपल्या सड्यावर च्या घेतला नि निघालो.”

मला वाटलं चेष्टा करतोय. “सकाळी? आज सकाळी?”

“व्हय. सड्यावर उतरायला पट्टी केलीया. देवळाच्या मागं, आपुन करवंदं खायाचो तिथं. हितनं तिथं अर्धा तास. वारं तोंडावर आसलं तर पाच-सात मिन्टं जास्ती. सरळ गेलं तर पन्नास मैलबी भरत न्हाई.”

तो तांब्या परत देऊन गेला आणि मी चुलीपुढं येऊन बसले. आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. आठ वर्षं मी ज्या लांबीपुढं मान खाली घातली होती, ती लांबी कुणीतरी एका सकाळी उचलून फेकून दिली होती, आणि तरी मी होते तिथंच होते.

चैत्रात, एका सकाळी, विमान उतरल्यावर दिलावर माळावरून पळत आला. चालत नाही, पळत. मी अंगणात होते.

“विजाक्का, बनुमावशी लय खाली गेल्यात. पंधरा दिस ताप हाय. मानसं वळखत्यात, पर आता काय खरं न्हाई. तुजंच नाव घेत्यात.”

बनुमावशी म्हणजे माझी आई. मी सूप बाजूला टाकलं. “दादा कुठाय?”

“आकाराम आज पाटंचं तुला न्यायाला निघाला. आमी पुन्याला गेलतो, सड्यावर उतरलो तवा कळलं. तो उद्या दुपारच्या आत हितं पोचंल. पर उद्या पोचून तुला परत न्यायाला अजून दोन दिस. मावशी तवर…” त्यानं माळाकडं हात केला. “मी कॅप्टनसायबाला इचारलं. विमानात तीन मानसं बसत्यात. एक जागा हाय. साहेब हो म्हनलेत. तू आत्ता चल.”

ओसरीवर माझे सासरे हुक्का ओढत बसले होते. हंबीरराव. पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले सुभेदार. पेन्शन, दोन बिल्ले आणि वळवलेल्या मिशा. गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे, घरात तर पडायला जागाच नव्हती. माझे मालक लालासाहेब तेव्हा पलटणीबरोबर जम्मूच्या बाजूला. मला मूलबाळ नव्हतं. म्हणजे त्या घरात माझी बाजू घ्यायला भिंतीशिवाय कुणी नव्हतं.

सासऱ्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी मला नाही, दिलावरला विचारलं, “मुऱ्हाळी कुठाय?”

“वाटंवर हाय, सुभेदारसाहेब. उद्या येतोय.”

“मग उद्या आला की जाईल. आमी कवा नको म्हनलंय?”

“मामंजी,” मी म्हणाले, “आई जात्याय.”

“व्याहीनबाईंना देव आयुष्य देवो. पर मुऱ्हाळी आल्याबिगर या घरातनं सून गेलेली न्हाई. माजी आई गेली न्हाई, माजी बायकू गेली न्हाई.”

“विमान आत्ता निघतंय.”

“विमान हाय. मुऱ्हाळी न्हाई.”

दिलावर पायरीवर एक पाय ठेवून उभा होता. तो म्हणाला, “मी हिच्याच गावचा हाय. बनुमावशीच्या हातचं खाऊन वाढलोय. मला मुऱ्हाळी समजा.”

“समजून मुऱ्हाळी हुईत न्हाई, गड्या. रक्ताचा लागतो. आन माजी सून मी दोन परक्या बाप्यांबरोबर आभाळातनं धाडू? गाव काय म्हनंल?”

गाव! माझी आई मरत होती आणि यांना गाव काय म्हणेल याची पंचाईत. माझं डोकं इतकं फिरलं की आठ वर्षांत वर न केलेली मान मी वर केली.

“मामंजी, तुमी बसऱ्याला बोटीत बसून गेला, तवा तुमाला न्यायाला रक्ताचं कोन आलं हुतं?”

त्यांचा हुक्का बंद झाला. आत सासूबाईंच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, माळाकडं बघत म्हणाले, “निगालीस तर परत या दारात…” वाक्य पुरं केलं नाही. ती त्यांची सवय होती. पुरं करायचं काम समोरच्यावर टाकायचे.

मी आत गेले, दुसरं लुगडं गुंडाळून घेतलं आणि मागच्या दारानं निघाले. सासूबाईंनी माझा दंड धरला. सुलाबाई त्यांचं नाव, आणि माझ्या लग्नापासून त्या सासऱ्यांच्या शब्दाबाहेर कधी गेल्या नव्हत्या. मला वाटलं अडवतात. माझा राग इतका वर आला होता की मी त्यांचा हात झिडकारणार होते. त्यांनी अंगठ्यानं माझ्या कपाळाला कुंकू टेकवलं आणि हात सोडला.

विमानाबद्दल मला लोक अजून विचारतात. काय सांगू? आवाजानं कान फुटतात, पोटातलं गळ्याशी येतं आणि गोधडीएवढी शेतं होतात. खाली कृष्णा दिसली. रेल्वेची रेघ दिसली. थोड्या वेळानं दिलावरनं खाली बोट केलं, कऱ्हाड. ज्या स्टेशनावर मी दर खेपेला दादाच्या उशाशी गाठोडं ठेवून रात्र काढली, डासांनी फोडून काढलं, ते कऱ्हाड मी पदर सावरेपर्यंत मागं गेलं. खाली कुठंतरी पाटण ते कऱ्हाडच्या वाटेवर, मोटारीत दाटीवाटीनं बसलेला माझा दादा होता. तो मला न्यायला हिवरमाळला चालला होता आणि मी त्याच्या डोक्यावरून उलटी चालले होते. मी काचेला नाक लावून त्याला शोधत होते. वेडीच.

मग सडा आला, देऊळ आलं, विमान खडखडत धावलं आणि थांबलं. मी उतरले, सड्याच्या वाऱ्यात उभी राहिले आणि ढसाढसा रडले. आईसाठी नाही. इतक्या जवळ होतं म्हणून.

आई शुद्धीवर होती. तिच्या अंगावर हाडं आणि लुगडं एवढंच राहिलं होतं. भावजय तिला पेज पाजत होती. मी जवळ बसले, हात हातात घेतला. आईनं डोळे उघडून मला ओळखलं आणि पहिलं काय विचारावं?

“कोन आलं हुतं न्यायाला?”

मी म्हणाले, “दादा.”

“कुठाय त्यो?”

“येतोय, मागनं येतोय.”

“त्याला आधी जेवाय वाढ,” आई म्हणाली. “दोन दिस उपाशी चालतंय पोरगं माजं.”

दिवसभर आणि रात्रभर ती मधूनमधून डोळे उघडायची आणि दाराकडं बघायची. मी समोर असताना दाराकडं. मला वाईट वाटलं असं नाही सांगणार, मला कळत होतं. मी तिला मिळाले होते, आता तिला दुसरं लेकरू हवं होतं, आणि ते मला आणायला पाठवलं होतं. तिनंच पाठवलं होतं. न्यायला माणूस गेल्याशिवाय सासरचे सोडणार नाहीत, म्हणून.

मी संध्याकाळी सड्यावर जाऊन कॅप्टनसाहेबांपुढं हात जोडले. पुण्याकडचा तरुण माणूस होता, फार बोलत नसे. म्हणाला, “उद्या सकाळी फोटो काढायचे आहेत. मग पेट्रोलला हिवरमाळला जाईन. तुमचे भाऊ तिथं आले असतील तर घेऊन येतो. पण मला बाराच्या आत इथं परत उतरायला हवं. दुपारी सड्यावर वारा सुटतो, मग उतरता येत नाही.”

“फक्त सांगा, आई वाट बघत्याय,” मी म्हणाले. “तो लगेच येईल.”

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून सड्यावर. आईजवळ भावजय होती. ऊन चढलं, दगड तापले. बारा वाजत आले तेव्हा विमान दिसलं. ते उतरलं, थांबलं, दार उघडलं. दिलावर उतरला. मी त्याच्या मागं बघत राहिले. मागं कुणी उतरलं नाही.

“दादा आला नव्हता का?”

“आलाय. आमच्या आदी पोचला हुता.”

“मग?”

दिलावर खाली बघत होता. “जेवाय बसलाय.”

“काय?”

“जेवाय बसलाय, विजाक्का. मी दोनदा दारात गेलो. साहेब तासभर थांबला. शेवटी म्हनला, आता न्हाई थांबता येत.”

जेवायला बसलाय. आई दाराकडं डोळे लावून पडली आहे, विमान दारात उभं आहे, आणि माझा भाऊ माझ्या सासरी पोळ्या खात बसलाय! मी सड्यावरून घरापर्यंत त्याला शिव्या घालत आले. हावरा, पोटाचा मेला, आईच्या जिवापेक्षा याला गुळवणी गोड. वाटेत गावच्या बायका बघत होत्या. बघू देत.

आई त्याच दुपारी गेली. शेवटचं तिनं दादाचं नाव घेतलं, माझं नाही. मी हात धरला होता आणि ती म्हणाली, “आकाराम, जेवलास?” मी म्हणाले, “जेवतोय, आये.” एवढं एकच खरं मी तिला त्या दोन दिवसांत सांगितलं.

लोकांनी रात्रभर दादाची वाट बघितली. पण चैत्रातलं ऊन, माती ठेवता येत नव्हती. सकाळी भावकीनं उचलली. लेक जिवंत असताना अग्नी नाथाजी काकांनी दिला. चुलत्यानं. गाव कुजबुजलं, आणि मी तिथंच, बायकांत बसून, मोठ्यानं म्हणाले, “लेक जेवतोय.” लोक चपापले. मला कुणाची भीड राहिली नव्हती.

दादा त्या दिवशी तिन्हीसांजेला आला. वाटेतच त्याला कळलं होतं. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं, पायाचे तळवे फाटलेले. तो ओसरीवर बसला, आईच्या रिकाम्या जागेकडं बघितलं आणि तोंडावर उपरणं घेतलं. दुसरी कुणी असती तर पाणी आणलं असतं. मी समोर उभी राहिले.

“जेवलास का पोटभर?”

त्यानं उपरणं काढलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. चिडला नाही.

“जेवलो,” म्हणाला.

“दिलावर दोनदा बोलवाय आला हुता.”

“आला हुता.”

“आन तू उठला न्हाईस.”

“न्हाई उठलो.”

मग तो हळूहळू बोलला, आणि मी उभीच राहिले. तो पोचला तेव्हा घर तापलेलं होतं. सून मुऱ्हाळ्याशिवाय निघून गेली, साऱ्या गावात झालं होतं. सासरे ओसरीवर पलटणीचा कोट घालून बसलेले. दादानं पाय धरले. म्हणाला, पोरीचं चुकलं, आई जात्याय म्हणून डोकं फिरलं. तेवढ्यात विमान उतरलं आणि दिलावर सांगायला आला.

“मी म्हनलं, सुभेदार, मी निगतो. ते म्हनले, ‘तुमची बहीन न इचारता गेली. आता मुऱ्हाळीबी न जेवता गेला, तर सोयरीक हितंच सपली. लालासाहेबाला आजच तार करतो, दुसरी बघ म्हनून.’ मी म्हनलं, माजी आई जात्याय वो. तर म्हनले, ‘आमी कुठं आडवतोय? दोन घास खावा आन जावा. पोळीचं जेवान झाल्याबिगर मुऱ्हाळी जात न्हाई.’” दादानं नाक पुसलं. “डाळ आजून शिजायची हुती, विजे. तुजी सासू पळत हुती नुसती, चुलीत तोंड घालून फुकत हुती. पर डाळ ती डाळ. शिजायची तवाच शिजंल.”

“आन तू बसलास.”

“बसलो. तुला परत त्याच घरात जायाचंय न्हवं? मी उटलो आसतो, तर तुला ठिवली आसती कुठं?” त्यानं दाराकडं बघितलं. “पाट दाराम्होरं मांडला हुता. पानावरनं विमान दिसत हुतं. पंखा सुरू झाला, तवा माज्या पानावर पयली पोळी पडली.”

मी त्याला पाणी दिलं. त्याचे पाय धुतले, भावजयीला हात लावू दिला नाही. माझा राग गेला असं कुणी समजू नये. राग तसाच होता, त्याला आता खरं घर सापडलं होतं.

बाराव्या दिवशी संध्याकाळी सासरे दुखवटा घेऊन आले. भावजयीला लुगडं, दादाला पटका. रीत म्हणजे रीत, त्यात सुभेदार कधी चुकायचे नाहीत. पण सडा चढताना त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. ओसरीवर टेकले ते उठेनात. गुडघे सुजलेले, मिशा खाली आलेल्या, तोंडातून शब्द निघायच्या आधी धाप निघत होती. “लांब हाय बाबा लय,” एवढंच म्हणाले. आईबद्दल चार चांगले शब्द बोलले. माझ्याशी बोलले नाहीत. पण दादाला म्हणाले, “झालं गेलं. पोरीला उद्या संगं घिऊन जातो.” म्हणजे दादानं खाल्लेल्या पोळ्या पोचल्या होत्या.

तेराव्याच्या सकाळी विमान सड्यावर होतं. दिलावर घरी भेटायला आला तर सासऱ्यांनीच त्याला बाजूला घेतलं. मी दाराआड होते.

“कारं, एक जागा हाय का? न्हाई, गुडघं धरल्यात म्हनून इचारतोय. सुनंला आकाराम आनून सोडंल.”

“हाय की,” दिलावर म्हणाला. “पर आज साहेब आकराला निघनार. त्यापुढं थांबायचा न्हाई.”

“मला कितीसा येळ लागतोय!” सासरे म्हणाले, आणि लहान पोरासारखे हसले.

मी मागं फिरले, चुलीवरचं डाळीचं आधण उतरवून खाली ठेवलं. भावजय म्हणाली, “आवं, आजून टाकली न्हाई व्हय डाळ?” मी म्हणाले, “टाकू की. घाई कसली?” ऊन अंगणात उतरलं तेव्हा मी डाळ टाकली.

सासरे पटका बांधून, काठी घेऊन तयार झाले. ओसरीवर नाथाजी काका आणि सगळी भावकी पंगतीला जमली होती. सासरे सगळ्यांना हात जोडून म्हणाले, “येतो आता. विमान थांबलंय.”

मी पदर डोक्यावर घेऊन बाहेर आले आणि वाकून त्यांच्या पाया पडले. “मामंजी, न जेवता?”

“आगं, विमान हाय न्हवं…”

“विमान हाय. जेवान व्हायाचं हाय.” सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले. “तेराव्याच्या घरातनं व्याही उपाशी गेला, तर गाव काय म्हनंल?”

नाथाजी काकांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! ते लगेच उठले. “हे बरुबर न्हाई, सुभेदार. सोयरीक हाय का चेष्टा? पोळीचं जेवान सोडून कुठं निगाला? बसा, बसा. दोन घास खावा आन जावा.” भावकीतल्या चौघांनी धरून त्यांना बसवलं. पाट मी आधीच मांडून ठेवला होता, दाराकडं तोंड करून.

दादानं तो पाट बघितला आणि माझ्याकडं बघितलं. “विजे,” हळूच म्हणाला. मी ऐकलं नाही.

डाळ शिजली तेव्हा शिजली. मी पुरण वाटलं, घाई न करता, पाट्यावर एकही डाळ अख्खी राहू न देता. आईचं तेराव्याचं पुरण होतं, बारीकच व्हायला हवं होतं. दिलावर दाराशी आला, त्यानं पाट बघितला, सासरे बघितले, मला बघितलं. परत बोलवायला आला नाही.

मी पहिली पोळी सासऱ्यांच्या पानावर वाढली आणि सड्यावर पंखा सुरू झाला. ते उठायला गेले. नाथाजी काकांनी खांद्यावर हात ठेवला, “आवं, पानावरनं उठतं का कोन?” विमान धावलं, देवळाच्या कळसावरून वर गेलं, वळलं आणि कऱ्हाडच्या बाजूला बारीक होत गेलं. पंगत कौतुकानं बघत होती. सासरे घास हातात धरून बघत होते.

“गेलं की,” ते म्हणाले.

“व्हय,” मी म्हणाले, “दादानंबी आसंच बघितलं.”

त्यांनी माझ्याकडं वर बघितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं असेल. मी पोळीच वाढत होते. त्यांनी पानावर आडवा हात धरला, मी हाताच्या बाजूनं तूप सोडलं आणि आणखी एक पोळी ठेवली. पानातलं टाकायचं नाही, हे माझ्या सासरी मला त्यांनीच शिकवलं होतं. ते मान खाली घालून जेवले.

ऊन कलल्यावर आम्ही निघालो. चार पोळ्या मी वाटेला बांधून घेतल्या. दादा वेशीपर्यंत आला, त्यानं गाठोडं माझ्या डोक्यावर नीट बसवून दिलं. सड्याची उतरण सुरू झाली तशी मी पुढं आणि सासरे मागं. त्यांची काठी दगडावर वाजायची, मग थांबायची, मग परत वाजायची. अर्ध्या उतरणीवर ते एका धोंड्यावर बसले.

“सूनबाई,” ते म्हणाले, “पाटन आजून किती लांब गं?”

खाली पाटण दिसतसुद्धा नव्हतं.

“लांब कुठलं, मामंजी,” मी म्हणाले. “अर्धा तास.” आणि चालायला लागले.